पॅन्टोनच्या क्रमांकावर किती विसंबावे?

छपाईच्या वर्गात पहिल्या-दुसऱ्या तासालाच मी एक प्रश्न विचारतो. पॅन्टोनच्या पुस्तिकांत ‘१८५ सी’ आणि ‘१८५ यू’ असे दोन लाल नमुने असतात. पहिला झळझळीत, दुसरा जरा मंद आणि गुलाबीकडे झुकलेला. हे दोन नमुने छापायला किती शाया लागल्या? जवळजवळ सगळा वर्ग ‘दोन’ म्हणतो. उत्तर ‘एक’ आहे. शाई तीच, तिची कृतीही तीच. ‘सी’ म्हणजे कोटेड, आपल्या छापखान्यांच्या भाषेत आर्ट पेपर; ‘यू’ म्हणजे अनकोटेड, आपला मॅपलिथो. कागद बदलला म्हणून रंग बदलला. क्रमांक मात्र जागचा हलला नाही.

पॅन्टोन पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची अडचण या एका उदाहरणात दोन्ही दिसतात. पॅन्टोनचा क्रमांक हे मुळात एका शाईचे नाव आहे. डिझायनर ते रंगाचे नाव म्हणून वाचतो, ग्राहक कराराचे कलम म्हणून वाचतो, आणि कुठे कुठे तर संसदीय समित्याही ते राष्ट्रीय प्रमाण म्हणून वाचतात. शाईचे नाव म्हणून ही पद्धत उत्तम आहे. रंगाचे माप म्हणून ती अपुरी आहे. सार्वजनिक प्रमाण म्हणून तर माझ्या मते ती स्वीकारूच नये. पाठ्यपुस्तकांत ‘पॅन्टोन ही जागतिक प्रमाण पद्धती आहे’ एवढ्या एका वाक्यात हा विषय बहुधा उरकलेला असतो. ते वाक्य थोडे उलगडून पाहू.

शाईची पाककृती

आधी श्रेय द्यायला हवे. पॅन्टोनच्या आधी प्रत्येक शाई कंपनीचे स्वतःचे शेड कार्ड असे आणि त्यावर तिची स्वतःची नावे. एका कंपनीचा ‘मीडियम रेड’ दुसरीच्या ‘मीडियम रेड’शी जुळेलच असे नाही. ग्राहकाला ठरावीक लाल हवा असेल तर त्याने कापडाचा तुकडा किंवा जुने छापील खोके आणून द्यायचे, आणि छापखान्यातल्या जाणत्या माणसाने काचेवर सुरीने शाया घोटत, बोटाने कागदावर ओढून बघत तो जुळवायचा. तो माणूस रजेवर गेला की लालही रजेवर.

लॉरेन्स हर्बर्ट यांनी अमेरिकेत १९६२ मध्ये एका जाहिरात-छपाई कंपनीचा शाई आणि छपाईचा भाग विकत घेतला आणि १९६३ मध्ये पॅन्टोनची पहिली पुस्तिका काढली. त्यांची कल्पना अगदी साधी होती. मोजक्या मूळ शाया ठरवायच्या आणि बाकी प्रत्येक रंग त्यांच्या वजनी मिश्रणातून बनवायचा. मिश्रणाचे प्रमाण नमुन्याशेजारीच छापायचे. मूळ शायांची नावे आजही छापखान्यात सहज ऐकू येतात: वॉर्म रेड, रुबिन रेड, ऱ्होडामिन रेड, रिफ्लेक्स ब्लू, प्रोसेस ब्लू. पंख्यासारखी उघडणारी ती पुस्तिका हातात घेऊन जुन्या मांडणीचे एखादे पान नीट पाहा. एका पानावर सात नमुने असतात. मधला नमुना मूळ शायांचे निव्वळ मिश्रण असतो. वर जाताना त्यात पारदर्शक पांढरी शाई वाढत जाते आणि खाली जाताना काळी. म्हणजे ते पान एका पाककृतीचे सात प्रकार मांडते.

हा शोध प्रकाशशास्त्रातला नव्हता, व्यवहारातला होता. हर्बर्ट यांनी शाई उत्पादकांना परवाने दिले, त्यामुळे कृती एकाची आणि शाई अनेकांची असे शक्य झाले. मुंबईतल्या डिझायनरने फोनवर तीन आकडे सांगायचे आणि शिवकाशीच्या छापखान्यात कोणी तरी वजनकाट्यावर तीच शाई मिसळायची. मधे कापडाचा तुकडा पाठवावा लागत नाही. खोकी, लेबले, लग्नपत्रिका, बँकांची चिन्हे या सगळ्या ‘स्पेशल कलर’च्या कामांना यामुळे जी शिस्त आली ती मोठी आहे. चार रंगांच्या छपाईत पिवळा, मॅजेन्टा, सायन आणि काळा यांचे ठिपके शेजारी-शेजारी पडतात आणि डोळा त्यांची बेरीज करतो. स्पेशल कलरमध्ये शाई आधीच मिसळलेली असते, सपाट पडते आणि तिची स्वतंत्र प्लेट असते. भडक नारिंगी, गडद जांभळा, काही हिरवे हे चार रंगांतून निघतच नाहीत. तिथे या पद्धतीला आजही तोड नाही.

पण पाककृती दिली म्हणजे पदार्थाची चव दिली असे होत नाही. ऑफसेटमध्ये शाईचा थर साधारण एक मायक्रॉनच्या आसपास असतो आणि ती बरीचशी पारदर्शक असते. प्रकाश तिच्यातून आत जातो, कागदावरून परततो आणि पुन्हा तिच्यातूनच बाहेर येतो. रंग दिसतो तो या दुहेरी प्रवासानंतर. मशीनमनने शाईची चावी थोडी उघडली, थर जाड झाला, की तोच क्रमांक गडद होतो. मॅपलिथोने शाई पिऊन टाकली की तोच क्रमांक मलूल होतो. वरून लॅमिनेशन झाले की आणखी निराळा. कृती बरोबर आणि रंग चुकीचा अशी स्थिती छापखान्यात रोजची आहे, आणि तिच्यात कोणाचीच लबाडी नसते.

उलटेही घडते. रिफ्लेक्स ब्लू ही शाई वाळायला त्रास देते. छापून ठेवलेल्या गठ्ठ्यावर हात घासला की निळा हाताला लागतो. अनुभवी शाईवाला म्हणून दुसऱ्या रंगद्रव्यांतून तसाच दिसणारा निळा बनवून देतो. इथे कृती मोडली आणि रंग टिकला. ग्राहकाला दोन्हींतले काय हवे होते? अर्थातच दुसरे. पण त्याने कागदावर जे लिहून दिले ते पहिल्याचे नाव होते.

आकड्यात काय असते

‘३००’ आणि ‘३०१’ यांत किती अंतर आहे? पॅन्टोनच्या क्रमांकावरून ते कळत नाही. १८५ पेक्षा १८६ जास्त गडद असतो का, किंवा २८६ हा २८५ आणि २८७ यांच्या बरोबर मधोमध येतो का, हेही क्रमांक सांगत नाही. हे क्रमांक पोस्टाच्या पेट्यांसारखे आहेत. ते ओळख पटवतात, अंतर सांगत नाहीत.

याची तुलना अल्बर्ट मन्सेल यांच्या पद्धतीशी करा. हे अमेरिकेतले चित्रकार आणि कलाशिक्षक. १९०५ मध्ये त्यांनी रंगाच्या नोंदीवर पुस्तक काढले. त्यांच्या लेखनात एका रंगाला तीन गोष्टी लागतात: वर्ण, म्हणजे लाल की पिवळा, उजळपणा, आणि तीव्रता. ‘५ आर ५/१४’ अशी नोंद वाचली की नमुना समोर नसतानाही हा मध्यम उजळपणाचा, खूप तीव्र लाल आहे हे समजते. मृदाशास्त्रज्ञ आजही शेतात मातीचा रंग मन्सेलच्या तक्त्यावर पाहून लिहितात, कारण ती नोंद दुसऱ्या राज्यातल्या, दुसऱ्या दशकातल्या नोंदीशी ताडून बघता येते.

पॅन्टोनलाही हे ठाऊक आहे. कापड आणि गृहसजावट यांसाठी कंपनीची जी वेगळी पद्धत आहे तिच्यात सहा आकडे असतात, उदाहरणार्थ १९-४०५२. पहिली जोडी उजळपणाची, दुसरी वर्णाची, तिसरी तीव्रतेची. मन्सेलचीच रीत, फक्त वेगळ्या वेशात. ज्या क्षेत्रात शाईची कृती उपयोगाची नव्हती तिथे कंपनीला रंगाचेच वर्णन करावे लागले. छपाईच्या क्रमांकांना मात्र तसा अर्थ कधी मिळाला नाही. मग विद्यार्थी दोन प्रूफांतला फरक ‘जरा लालसर वाटतंय’ असा लिहितो आणि पुढचा संवाद तिथेच खुंटतो.

पुस्तिका हेच प्रमाण मानले तर

मग पुस्तिकेतला छापील नमुनाच अंतिम मानावा, असे उत्तर येते. ते तपासून पाहू. पुस्तिका हीसुद्धा छपाईच आहे. तीही कागदावर, शाईने, मशीनवर छापली जाते आणि तिच्या दोन प्रतींतही थोडा फरक पडतो. कागद पिवळा पडतो, हाताळून शाई झिजते, उन्हाने फिकी होते. पुस्तिका दर १२ ते १८ महिन्यांनी बदलावी असे कंपनीच सुचवते. यात व्यापार आहे, पण सत्यही आहे. आपल्याकडे मध्यम छापखान्यात एकच पुस्तिका असते, ती मालकाच्या टेबलाच्या खणात असते आणि तिचे वय कोणी विचारत नाही. डिझायनरकडे वेगळ्या वर्षीची प्रत, ग्राहकाकडे मोबाइलच्या पडद्यावरचे चित्र. तिघेही एकच क्रमांक उच्चारतात आणि तिघांच्या डोळ्यांसमोर तीन रंग असतात. क्रमांकामुळे मतभेद मिटतो असे आपण मानतो. इथे तो झाकला जातो, आणि माल छापून झाल्यावर बाहेर येतो. तोवर कागदाचे पैसे गेलेले असतात.

दुसरा मुद्दा मालकीचा. रंगावर कोणाची मालकी नसते. पण क्रमांक, नावे, कृती आणि त्यांच्याशी जोडलेली मूल्ये यांचा संग्रह ही आपली मालमत्ता आहे, ही पॅन्टोनची भूमिका आहे. ती किती दूर पोचू शकते हे २०२२ च्या अखेरीस दिसले. ॲडोबीच्या प्रोग्रॅममधून पॅन्टोनचे बहुतेक रंगसंच काढले गेले. ज्यांनी पॅन्टोनची दरमहा सुमारे १५ डॉलरची वेगळी वर्गणी भरली नाही, त्यांच्या जुन्या फाइलींत त्या रंगांच्या जागी काळा दिसू लागला. काम त्यांचेच, फाइल त्यांचीच, संगणकही त्यांचाच. रंग मात्र भाड्याचा निघाला. ही अडचण तांत्रिक नव्हती, परवान्याची होती. पीडीएफच्या रचनेत स्पेशल कलरचे नाव, त्याच्या जागी दाखवायचा पर्यायी रंग आणि त्याचे गणित हे तिन्ही फाइलीतच नोंदवायची सोय पूर्वीपासून आहे. त्यामुळे दुकान बंद झाले म्हणून छापखान्याकडे गेलेल्या पीडीएफमधला निळा काळा होत नाही.

एका खासगी कंपनीने आपल्या मालाचे पैसे घेऊ नयेत असे मी म्हणत नाही. वजनकाटा बनवणाराही पैसे घेतो. पण किलोग्रॅम त्याच्या मालकीचा नसतो.

दोन ध्वज

हा फरक प्रत्यक्ष पाहायचा तर दोन ध्वज शेजारी ठेवावेत. स्कॉटलंडच्या ध्वजातला निळा किती गडद असावा यावर तिथे बरेच दिवस एकमत नव्हते. २००३ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीने ‘पॅन्टोन ३००’ची शिफारस केली. निर्णय सोयीचा होता. कोणीही पुस्तिका उघडून तो निळा पाहू शकतो. पण त्या निर्णयाने एका देशाच्या ध्वजाचा रंग एका कंपनीच्या शाईच्या नावाशी बांधला गेला. शिवाय ती शाई कागदासाठी आहे आणि ध्वज असतो कापडाचा.

आपल्याकडे हा निर्णय पॅन्टोनच्या जन्माआधीच वेगळ्या रीतीने झाला होता. तेव्हाची इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, म्हणजे आजचे भारतीय मानक ब्युरो. तिचे पहिलेच मानक, आयएस १, राष्ट्रध्वजाचे आहे. ते १९५१ मध्ये निघाले, १९६४ मध्ये मेट्रिक मापांसाठी बदलले आणि १९६८ मध्ये त्यात पुन्हा सुधारणा झाली. त्यात केशरी रंगाला कोणत्याही कंपनीचे नाव नाही. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या १९३१ च्या पद्धतीनुसार तिथे आकडे आहेत: एक्स ०.५३८, वाय ०.३६०, झेड ०.१०२, दीप्ती २१.५ टक्के, प्रकाशस्रोत ‘सी’. हिरव्यासाठी ०.२८८, ०.३९५, ०.३१७ आणि दीप्ती ८.९. पांढऱ्याची दीप्ती ७२.६.

अभियंता म्हणून मला हे मानक मनापासून आवडते. ते शाई, रंगद्रव्य, कागद किंवा उत्पादक यांपैकी कशावरही अवलंबून नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेली कोणतीही प्रयोगशाळा कापड मोजून ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ असे सांगू शकते, आणि त्यासाठी कोणाला वर्गणी द्यावी लागत नाही. नव्या प्रजासत्ताकाने रंगाची व्याख्या मोजमापात केली, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमात यायला हवी होती.

आता त्याची दुसरी बाजू. हे आकडे वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे केशरी उभा राहत नाही. त्याचा परिणाम काय झाला ते मोजता येते. पडद्यावर ध्वज काढताना वर्षानुवर्षे सर्रास वापरला गेलेला केशरी म्हणजे लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. एसआरजीबीच्या प्रमाण सूत्रांनी त्याचे रूपांतर केले तर एक्स ०.५००, वाय ०.४१६ आणि दीप्ती सुमारे ४४ येते. मानकात दीप्ती २१.५ आहे. म्हणजे पडद्यावरचा केशरी मानकाच्या दुप्पट उजळ, आणि वर्णाने बराच पिवळा. हिरव्याचेही तेच. सर्रास वापरल्या जाणाऱ्या १९, १३६, ८ या मूल्यांची दीप्ती सुमारे १७.८ निघते, मानकात ८.९ आहे. तीही दुप्पटच.

कोणी म्हणेल, पडद्याचा पांढरा १०० धरतात आणि कापडाचा पांढरा ७२.६ आहे, तर तुलना कापडाच्या पांढऱ्याशी करा. रास्त आहे. तसे केल्यावरही केशरी ३० च्या आत राहतो, ४४ होत नाही. सीआयईच्या १९७६ च्या लॅब पद्धतीत, प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या प्रकाशस्रोताच्या पांढऱ्याशी ताडून, मानकाचा केशरी साधारण एल ५३, ए ४५, बी ४५ असा येतो आणि पडद्यावरचा एल ७२, ए ३१, बी ६६ असा. दोघांतले अंतर, म्हणजे डेल्टा ई, ३१ च्या घरात जाते. ऑफसेटच्या आयएसओ १२६४७-२ या मानकात चार मूळ रंगांच्या सपाट छपाईला डेल्टा ई ५ ची मुभा आहे. आपण ३१ वर आहोत आणि कोणाला काही खटकत नाही, कारण जुळवून पाहायला हातात नमुनाच नाही. हा हिशोब माझ्यावर विश्वास ठेवून सोडू नका. सगळी सूत्रे खुली आहेत, एका तासात स्प्रेडशीटवर होतो.

म्हणजे स्कॉटलंडच्या निर्णयात नमुना आहे, सार्वजनिक माप नाही. आपल्या मानकात माप आहे, पण ते डिझायनरपर्यंत पोचवणारा नमुना नाही. पॅन्टोन एवढे रुजले ते याच पोकळीमुळे. हातात धरून दाखवता येईल अशी पट्टी त्यांनी प्रत्येक टेबलावर पोचवली, आणि सार्वजनिक संस्थांनी आकडे देऊन हात झटकले. पॅन्टोनवरची टीका या कबुलीशिवाय अर्धवट राहील.

लॅबचे आकडे तरी पुरतात का

टीकाकारांचा एक गट म्हणतो, क्रमांक सोडा, लॅबची तीन मूल्ये लिहा, प्रश्न मिटला. मला ते घाईचे वाटते. लॅब हे एका ठरावीक प्रकाशात, एका ठरावीक प्रमाण निरीक्षकासाठी काढलेले उत्तर आहे. प्रकाश बदलला की उत्तर बदलते. छपाईत आज डी५० हा प्रकाश धरतात. कापड आणि रंगलेपांच्या उद्योगांत बहुधा डी६५. ध्वजाचे मानक ‘सी’वर आहे. प्रकाशाचे नाव न लिहिता दिलेले लॅबचे आकडे म्हणजे एकक न लिहिलेली लांबी.

कागदही इथे घोळ घालतो. आजचे बहुतेक पांढरेशुभ्र कागद उजळकांमुळे पांढरे दिसतात. ही द्रव्ये अतिनील प्रकाश शोषून निळा बाहेर टाकतात. खिडकीजवळ असा कागद निळसर पांढरा दिसतो. अतिनील किरण न देणाऱ्या एलईडीखाली तोच कागद पिवळट वाटतो आणि त्यावरची पारदर्शक शाईही त्याच्याबरोबर सरकते. म्हणून आयएसओ १३६५५ मध्ये मोजणीच्या एम० ते एम३ अशा अटी ठरवल्या आहेत. त्यांतली एम१ ही अतिनील भागासह डी५० धरते, एम२ अतिनील भाग गाळून मोजते. एकाच छापील चौकोनाची एम१ आणि एम२ ची मूल्ये वेगळी येतात आणि दोन्ही खरी असतात. माझ्या वर्गात एका गटाने एका अटीत आणि दुसऱ्याने दुसऱ्या अटीत मोजून अर्धा तास वाद घातला होता. दोघांची उपकरणे ठीक होती.

याहून खोल अडचण म्हणजे मेटामेरिझम. दोन वस्तूंची परावर्तनवक्ररेषा पूर्ण वेगळी असूनही एका प्रकाशात त्या सारख्याच दिसू शकतात. दुसऱ्या दिव्याखाली त्या फारकत घेतात. रिफ्लेक्स ब्लूच्या जागी दुसऱ्या रंगद्रव्यांचा निळा दिला तर तो डी५० खाली जुळेल, पण दुकानातल्या दिव्याखाली ओळीने मांडलेल्या खोक्यांत जुना साठा कुठला आणि नवा कुठला हे लांबून ओळखू येईल. इथे पॅन्टोनच्या मूळ कल्पनेचे मोल पुन्हा लक्षात येते. मूळ शाया त्याच असतील तर वक्ररेषाही जवळपास तीच राहते आणि प्रकाश बदलला तरी जुळणी टिकते. लॅबवाल्यांनी हे विसरू नये.

आज यावरचा सर्वात समंजस मार्ग मला आयएसओ १७९७२-४ मध्ये दिसतो. छापखान्यात त्याला सीएक्सएफ/एक्स-४ म्हणतात. त्यात स्पेशल कलरसाठी क्रमांकही नको आणि तीन आकडेही नकोत. त्या शाईची, त्या कागदावर, सपाट आणि वेगवेगळ्या टक्क्यांच्या पायऱ्यांत, शिवाय काळ्या पार्श्वभूमीवरही मोजलेली वर्णपटीय मूल्ये खुल्या स्वरूपात फाइलीबरोबर जातात. त्यावरून कोणत्याही प्रकाशातले लॅब काढता येते, शाई किती पारदर्शक आहे हे कळते, वरून दुसरी शाई छापली तर काय होईल याचा अंदाज बांधता येतो. रूढ व्हायला मात्र वेळ लागेल. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर हवा आणि तो वापरणारा माणूसही. लहान छापखान्याला दोन्ही परवडत नाहीत, हे मान्य करूनच बोलायला हवे.

तोवर निदान कामाची ऑर्डर लिहिताना क्रमांक एकटा सोडू नये. खऱ्या शाईचा, खऱ्या कागदावर ओढलेला आणि वाळलेला नमुना करून घ्यावा. त्यावर तारीख आणि दोन्ही पक्षांच्या सह्या असाव्यात. मोजता येत असेल तर लॅबची मूल्ये लिहावीत, सोबत डी५०, २ अंशांचा निरीक्षक, एम१ आणि डेल्टा ईची मर्यादा. ही मर्यादा १९७६ च्या सूत्राने की २००० च्या, हेही लिहावे, कारण तीव्र पिवळ्यात जुने सूत्र न दिसणारा फरक मोठा करून सांगते. लॅमिनेशन होणार असेल तर नमुनाही लॅमिनेशन केलेलाच हवा. पॅन्टोनचा क्रमांक यात असूच द्या. शाई मागवायला तो लागतोच.

शेवटी एक स्वाध्याय. राष्ट्रध्वजाचे कापड पूर्वी खादीचेच असावे लागे. हुबळीजवळच्या बेंगेरीत आणि आमच्या नांदेडला ते काम होत आले आहे. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिएस्टरचे आणि यंत्रावर बनवलेले ध्वजही चालू लागले. सुती धागा आणि पॉलिएस्टर यांना वेगवेगळ्या वर्गांचे रंग लागतात, तेव्हा त्यांच्या परावर्तनवक्ररेषा एकसारख्या असणे अवघड आहे. ध्वजाचा योग्य मान राखून एक खादीचा आणि एक पॉलिएस्टरचा ध्वज शेजारी धरा. आधी दुपारी उत्तरेकडच्या खिडकीजवळ, मग वर्गातल्या ट्यूबलाइटखाली, मग पांढऱ्या आणि पिवळ्या एलईडीखाली. प्रत्येक वेळी दोन्ही केशरींत काय फरक दिसला तो शब्दांत लिहा, आणि ‘जरा लालसर’ हे शब्द न वापरता लिहा. उजळपणा, वर्ण, तीव्रता, या क्रमाने.